धाकटी, मधली, थोरली आणि चौथी

शिक्केरावांना गाडी चालवता येत नव्हती. मागच्या सीटवर बसलं की त्यांना मळमळायचं, पुढच्या सीटवर बसलं की भीती वाटायची, आणि कोणी बोनेट उघडलं की आत नक्की कुठं बघून मान डोलवायची, हे त्यांना जन्मात कळलं नव्हतं. अशा माणसानं मोटार कंपनी काढली. साधीसुधी नव्हे, तीन मॉडेलं आणि तीन इंजिनं असलेली कंपनी, आणि तीही दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, जेवणाच्या टेबलावर. याला कोणी 'बाजारात तुरी' म्हणेल, तर म्हणू दे बापडा. शिक्केरावांचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की पुढं जो गोंधळ झाला तो त्यांनी केलाच नाही, तो त्यांचा उजवा हात परस्पर करून बसला. पण हे ऐकून घ्यायला कोणाला वेळ होता?

शिक्केराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. ते नगर कार्यालयात आवक टेबलावर होते. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्यासमोर यायचा. ते त्यावर तारखेचा शिक्का मारायचे, नंबर घालायचे, रजिस्टरात नोंदवायचे आणि पुढं ढकलायचे. सव्वीस वर्षांत एक शिक्का तिरका नाही, एक नंबर गाळलेला नाही. टेबलामागच्या भिंतीवर त्यांच्याच अक्षरात पाटी होती: 'नोंद झालेला कागद परत मिळणार नाही. सबब सांगू नये.' ही पाटी लावताना तिच्याखाली कधीतरी आपणच सबब शोधत उभे राहू, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आता कंपनी का निघाली ते सांगतो, नाहीतर नमनालाच घडाभर तेल जायचं. शिक्केरावांचे वडील मोटार मेकॅनिक. अख्खा गाव त्यांना उस्ताद म्हणायचा. पन्नास वर्षं त्यांनी गॅरेज चालवलं, मग हात थरथरायला लागले. एक दिवस नट हातातून सुटून इंजिनात पडला, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी शटर ओढलं ते कायमचं. तेव्हापासून आठ महिने उस्ताद खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होते. जिना उतरले नाहीत. बोलणं म्हणजे 'हं' आणि 'नको'. जेवण चिमणीचं. डॉक्टर तपासून म्हणाले, "शरीरात काही नाही. माणसाला उद्योग नाही. उद्योग द्या, नाहीतर असेच विझत जातील." शिक्केरावांच्या बायकोनं त्यांना मिक्सर दुरुस्त करायला दिला. त्यांनी तो अर्ध्या तासात सूनबाईच्या हातून दुरुस्त करवून घेतला आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. घरात मोडलेलं दुसरं काही नव्हतं. बाईनं दोन दिवस मुद्दाम काय मोडता येईल याचा विचार केला, पण जीव होईना.

एका रविवारी सकाळी शिक्केराव वर्तमानपत्र वाचत होते. पानभर जाहिरात होती, नव्या गाडीची. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "बाबा, ही गाडी कशी आहे हो?"

"भिकार," उस्ताद म्हणाले.

तीन दिवसांतला हा पहिला शब्द. शिक्केराव दचकले. "का हो?"

"हिचा ऑइल फिल्टर बदलायचा तर अर्धं इंजिन उतरवावं लागतं. ज्या शहाण्यानं ही काढली ना, त्याला एकदा हिच्याखाली उताणा झोपवला पाहिजे."

स्वयंपाकघरातून बायको पळत बाहेर आली, हातात चमचा तसाच. एवढं लांब वाक्य या घरानं आठ महिन्यांत ऐकलं नव्हतं. तिनं नवऱ्याला डोळ्यांनी खूण केली, थांबू नका, बोला.

"मग तुम्ही काढली असतीत तर कशी काढली असती?" शिक्केरावांनी विचारलं.

उस्तादांनी मुलाकडे बराच वेळ बघितलं. ही कारकुनाची जात आपल्याला गाडीबद्दल काही विचारेल, ही आशा त्यांनी केव्हाच सोडून दिली होती. मग म्हणाले, "कागद आण."

कागदाला शिक्केरावांच्या घरात काय तोटा? आखीव ताव आला, पट्टी आली, दोन रंगांची पेनं आली. उस्तादांनी सांगायचं आणि शिक्केरावांनी लिहायचं, असं ठरलं. कंपनीचं धोरण पहिल्याच ओळीत आलं: गाडी अशी असावी, की दुरुस्त करताना माणसाच्या बोटांची सालं निघू नयेत. दुसरी ओळ: अख्खी गाडी चार पान्यांत उघडली पाहिजे. मग मॉडेलं. सगळ्यांत लहान ती धाकटी, दोघांची आणि फार तर एका भांडकुदळ पाहुण्याची. चार दारांची आणि मागं डिकी असलेली ती मधली. आणि नऊ माणसं, त्यांचं सामान आणि त्यांची भांडणं मावतील ती थोरली. इंजिनंही तीन: आठशेचं पेट्रोल, बाराशेचं पेट्रोल आणि पंधराशेचं डिझेल. आणि उस्तादांची खरी करामत पुढंच होती. तिन्ही इंजिनांचे पाय एकाच मापाचे, म्हणजे कोणतंही इंजिन कोणत्याही गाडीत बसेल. "माणसाचं कुटुंब वाढलं की गाडी बदलावी, इंजिन तेच ठेवावं. इंजिनाची सवय झालेली असते," ते म्हणाले.

शिक्केरावांनी तक्ता आखला. उभ्या रांगेत मॉडेलं, आडव्या रांगेत इंजिनं. थोरलीखालची रेघ मारून ते तक्ता बंद करणार, तेवढ्यात उस्ताद म्हणाले, "खाली एक ओळ रिकामी ठेव."

"चौथं मॉडेल? कोणतं?"

"ठेव म्हटलं ना."

ठेवली. रिकामी ओळ बघून शिक्केरावांच्या अंगावर काटा येतो, पण बापापुढं बोलायची सवय नव्हती.

त्या दिवशी उस्तादांनी दुपारी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. बायको ओट्यापाशी उभं राहून डोळे पुसत होती आणि कांद्यावर ढकलत होती. कांदा त्या दिवशी घरात नव्हताच.

इथंच सगळं थांबलं असतं तर काय बिघडलं असतं? पण इमारतीत राहणाऱ्या माणसाचं कोणतंही काम त्याचं एकट्याचं राहत नाही. समोरच्या घरातले निवृत्त मास्तर वर्तमानपत्र मागायला आले आणि तक्ता बघून उभेच राहिले.

"पेट्रोल? डिझेल?" ते म्हणाले. "उस्ताद, जग कुठं चाललंय! विजेवरची काढा."

"काढतो की," उस्ताद म्हणाले. "पण ती बिघडली तर मी ऐकू काय? इंजिन बोलतं मास्तर. हिला तोंडच नाही."

मास्तरांना हा मुद्दा पटला नाही, आणि न पटलेला मुद्दा ते कधीच एकटे सोसत नसत. संध्याकाळपर्यंत जिनाभर झालं. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या. त्यांचं म्हणणं, जगात एवढ्या गाड्या निघाल्या पण बाईमाणसाची पर्स ठेवायला एकीत जागा नाही. "मांडीवर पर्स, पर्सवर पिशवी, पिशवीवर नवऱ्याचा कोट. आम्ही माणसं आहोत की खुंट्या?" उस्तादांनी मान डोलवली आणि तिन्ही मॉडेलांत, मागेल त्याला, पर्स अडकवायला समोर एक मजबूत आकडा घातला. मावशी खूश होऊन सीटच्या कापडाचे सहा नमुने ठेवून गेल्या. मास्तर डावखुरे, त्यांना सगळे दांडे डाव्या हाताला हवे होते.

मग सेक्रेटरी आले. इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे नियमावलीला फुटलेले हातपाय. खाली पार्किंगमध्ये उस्तादांची स्वतःची जुनी गाडी कापडाखाली झाकून उभी होती, ती हलवा म्हणून ते दर महिन्याला पत्र द्यायचे. आजही पत्र घेऊनच आले होते. तक्ता बघितला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: 'आपल्या इमारतीत मोटार कंपनी सुरू होत असल्याचे समजते. रहिवाशांनी आपल्या मागण्या लेखी द्याव्यात. तोंडी मागण्यांचा विचार होणार नाही.' आणि खाली, बारीक अक्षरात: 'थोरलीचा पहिला नंबर सेक्रेटरींचा.'

झालं. तीन गुणिले तीन नऊ, हे शिक्केरावांना झेपत होतं. पण आकडावाल्या आणि बिनआकड्याच्या मिळून अठरा झाल्या, डावखुऱ्या आणि उजव्या मिळून छत्तीस, फिक्या आणि गडद मिळून बहात्तर. कोणीतरी मागची सीट उलट्या तोंडाची मागितली, कारण त्याला सासऱ्यांचं तोंड बघायचं नव्हतं. एकशे चव्वेचाळीस! तक्ता टेबलावरून खाली लोंबायला लागला. उस्ताद मात्र एकेक मागणी ऐकून घ्यायचे, काही मान्य करायचे, काही शिवीसकट परत पाठवायचे. आवाज मोकळा झाला होता, जेवण वाढलं होतं. खुर्ची खिडकीपासून टेबलाकडे कधी सरकली ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

एवढ्या मोठ्या तक्त्याची पक्की प्रत घरी करणं शक्य नव्हतं. म्हणून शिक्केराव तो ऑफिसात घेऊन गेले. मधल्या सुट्टीत टेबलावर पसरला आणि वर सुंदर अक्षरात मथळा लिहिला: 'उस्ताद मोटार कंपनी (नियोजित). मॉडेले व इंजिने यांचे विवरणपत्र.' खाली उजवीकडे उस्तादांचं नाव आणि पत्ता घातला. माणसाला वळण असतं हो, त्याला तो काय करणार? मग डोकं एका अडचणीत शिरलं. धाकटीत डिझेल घालायचं का नाही? काल बाबा नको म्हणाले होते, आज सकाळी हो म्हणाले. शिक्केराव खिडकीबाहेर बघत विचार करत होते, आणि इकडे त्यांचा उजवा हात सव्वीस वर्षं जे करत आला तेच करत होता. ठप्प! तारीख. ठप्प! नंबर. चार हजार एकशे सतरा.

शिक्केरावांनी खाली बघितलं आणि तोंडचं पाणी पळालं. नंबराचा शिक्का एकदा पडला की पुढचा आकडा आपोआप वर येतो. ते सावरतायत तोवर खिडकीशी एक बाई गटाराची तक्रार घेऊन उभी राहिली, तिला चार हजार एकशे अठरा गेला. आता सतरा नंबर रजिस्टरात कोरा कसा ठेवणार? त्यांनी नोंद केली: 'मोटार कंपनी काढणेबाबत.' वर भिंतीवरची पाटी त्यांच्याकडेच बघत होती.

साहेबांनी बोलावून घेतलं. "शिक्केराव, हे काय आलंय? तुमच्या घरचा पत्ता आहे यावर. चुकून नोंद झाली का?"

'हो साहेब' एवढे दोन शब्द म्हटले असते तर सुटका होती. पण सव्वीस वर्षांत एकही चूक नाही, हे शिक्केरावांचं सगळं वैभव. ते उधळायचं म्हणजे काय खायचं काम होतं? त्यांनी मान ताठ केली.

"नाही साहेब. रीतसर आलेला कागद आहे."

"असं?" साहेब म्हणाले. ते हसले नाहीत, पण हसण्याच्या अगदी दाराशी उभे होते. "मग रीतसरच जाऊ दे. सगळ्या विभागांचे अभिप्राय मागवा. नाहीतर सोपा मार्ग आहे, अर्जदारानं अर्ज मागे घेतो असं लिहून द्यावं. सही मात्र त्यांची हवी."

शिक्केरावांनी तिथल्या तिथं माघारीचा अर्ज लिहून काढला, खाली सहीची जागा सोडली, घडी घालून खिशात ठेवला आणि घरी आले. दार उघडलं तर उस्ताद टेबलाशी उभे. बसलेले नव्हे, उभे!

"आलास? बस," ते म्हणाले. "धाकटीचं सुटलं. डिझेल नको. तिला आठशेचंच शोभतं. तुझं काय मत?"

तुझं काय मत! आता हे समजायला एक जुनी गोष्ट सांगायला हवी, पण दोनच ओळींत. शिक्केराव सोळा वर्षांचे असताना उस्ताद त्यांना गाडी शिकवत होते. पोरानं गिऱ्हाइकाची गाडी थेट गॅरेजच्या शटरात घातली. उस्ताद चारचौघांत त्याच्यावर असे ओरडले की पोरगा जो गॅरेजबाहेर पडला तो पुन्हा आत आला नाही. कारकून झाला. तेव्हापासून बापलेकांत 'जेवलास का' आणि 'हो' यापलीकडे बत्तीस वर्षं काही बोलणं नव्हतं. आणि आज बाप मत विचारत होता. खिशातला कागद शिक्केरावांच्या छातीला टोचत होता, पण तो बाहेर काढायला हात काही वर होईना. शिक्के मारताना मालकाला न विचारणारा हाच तो हात, बरं का!

"आठशेच बरोबर," ते म्हणाले.

मग अभिप्राय सुरू झाले. आग विभागानं विचारलं, पेट्रोलची पिंपं कितव्या मजल्यावर ठेवणार? उद्यान विभागानं विचारलं, कारखान्यासाठी झाडं किती तोडणार? आरोग्य विभागाला भोंग्याची वेळ हवी होती. ही सगळी पत्रं अर्जदाराच्या पत्त्यावर रवाना व्हायची, आणि जावकचा माणूस रजेवर असल्यानं पाकिटांवर पत्ते घालायचे कोणी? शिक्केरावांनीच. तिसरं पाकीट पोस्टमननं दिलं तेव्हा बायको पदर खोचून समोर उभी राहिली.

"अहो, तुमच्याच अक्षरातलं पत्र तुमच्याच घरी पोस्टानं येतंय. घरात बोलायला काय झालं तुम्हाला?"

शिक्केरावांनी सगळं सांगितलं. खिशातला कागदही दाखवला. तिनं तो वाचला आणि परत त्यांच्या खिशात ठेवला. "सही मागितलीत तर बघा," ती म्हणाली. "पुन्हा त्या खिडकीशी नेऊन बसवायचंय का त्यांना? आठ महिने मी बघितलंय ते. तुम्ही ऑफिसात असायचात."

"पण ऑफिसात सगळे हसतात गं."

"हसून कोणाचं काय झिजतं?"

शिक्केरावांनी सगळ्या विभागांना उत्तरं लिहिली. पिंपं: निरंक. झाडं: निरंक, कुंडी एक, तुळशीची, तोडणार नाही. भोंगा: सौभाग्यवती हाक मारतात, वेळ नऊ. उत्तरं त्यांनीच आणून त्यांनीच शिक्के मारून घेतली, आणि ती इतकी चोख होती की कोणाला खोट काढता येईना. खोट निघाली नाही की फाईल पुढं जाते, आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. साहेबांनी शेवटचा शेरा मारला: 'स्थळपाहणी करावी.'

बुधवारी सकाळी अकराला निरीक्षक आले. ऑफिसच्या जुन्या जीपमधून, हातात मोजमापाची टेप आणि काखेत फाईल. शिक्केरावांनी रजा टाकली होती, कारण: घरगुती. उस्तादांना कंपनीची रीतसर पाहणी आहे एवढंच सांगितलं होतं, आणि अख्खी इमारत जिन्यात उभी होती. सेक्रेटरी तर टाय लावून आले होते.

"कारखाना कुठाय?" निरीक्षकांनी विचारलं.

"हा," शिक्केराव जेवणाच्या टेबलाकडे बोट दाखवून म्हणाले.

निरीक्षकांनी टेबल मोजलं. लांबी, रुंदी, उंची. एक पाय आखूड आहे म्हणून त्याखाली पुठ्ठा घातला होता, त्याचीही नोंद केली. मग फाईल मिटून ते उस्तादांकडे वळले. माणूस वाईट नव्हता, पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

"आजोबा, कशाला एवढा व्याप? माघारीचा अर्ज तुमच्या चिरंजीवांच्या खिशात महिनाभर आहे. सही केली असती तर मला यावंच लागलं नसतं. ऑफिसात नुसता हशा चाललाय हो."

उस्तादांनी मुलाकडे बघितलं. "हशा?" ते म्हणाले.

त्यांनी तक्त्याची घडी घातली. सावकाश, चारी कोपरे जुळवून. मग खुर्ची उचलली आणि ओढत ओढत खिडकीपाशी नेली. बसले. तोंड बाहेर.

आयुष्यात कधी नाही ते शिक्केरावांचा आवाज चढला. "बाबा, चूक माझी आहे! शिक्का माझ्या हातून पडला, आणि चूक झाली असं म्हणायची मला लाज वाटली. सही मी मागितली नाही, कारण तुम्ही पुन्हा इथं येऊन बसाल याची मला भीती वाटत होती. हसू देत त्यांना. एक महिना तुम्ही माझ्याशी बोललात. मला दुसरी कंपनी नको, काही नको. फक्त बोला."

उस्ताद खिडकीबाहेरच बघत राहिले. सून दाराशी तोंडावर हात ठेवून उभी. निरीक्षक टेप गुंडाळत, उलगडत, पुन्हा गुंडाळत होते. खाली फाटकात जीप आडवी लावली होती, ती सेक्रेटरींनी हलवायला सांगितली म्हणून ड्रायव्हरनं चालू केली.

उस्तादांची मान थोडी तिरकी झाली.

"तिसरा," ते म्हणाले.

"काय?" निरीक्षक म्हणाले.

"तिसऱ्या सिलिंडरचा प्लग मरतोय. चढावर दम टाकते ना गाडी?"

"टाकते! दोन महिने झाले. ऑफिसच्या मेकॅनिकला सापडलं नाही."

"त्याला कान आहेत का?" उस्ताद उठले. "माझ्या चपला कुठायत?"

चपला! नऊ महिने न लागलेल्या चपला शोधताना सूनबाईनं कपाट उपसलं. डावी मिळाली, उजवी मिळेना. शेवटी म्हातारा एका पायात आपली आणि एका पायात मुलाची चप्पल घालून जिना उतरला. पुढं उस्ताद, मागं शिक्केराव, त्यामागं अख्खी इमारत.

बोनेट उघडलं. उस्तादांनी हात पुढं केला, तो पानासारखा थरथरत होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि मागं घेतला. "तू ये," ते मुलाला म्हणाले. "मी सांगतो. तेराचा पाना दे आधी, वरची पट्टी काढायचीय."

आणि शिक्केरावांना साक्षात्कार झाला. पान्यांवर नंबर असतात! हे त्यांना आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. ड्रायव्हरच्या पेटीतले सगळे पाने त्यांनी आधी चढत्या क्रमानं मांडले, मग तेरा नंबर उचलला. "कशाला मांडत बसलास?" उस्ताद खेकसले, पण ओठ हलले होते. पट्टी निघाली. प्लग निघाला, काळाकुट्ट. शिक्केरावांनी तो घासला, पुसला, फुंकर घातली. "आता बसव. आधी हातानं फिरव, जाईल तेवढा. जबरदस्ती नको. हां, आता पाना." मास्तर मागून काहीतरी सुचवत होते, त्यांना मावशींनी गप्प केलं. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली, आणि जीप अशी एकसुरात गुरगुरायला लागली की सेक्रेटरींनी टाळ्या वाजवल्या आणि नियमात बसतं का म्हणून लगेच थांबले.

शिक्केरावांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. बोटांची सालं निघाली होती. ते हात त्यांनी असे समोर धरले होते, जणू कोणाचे तरी सांभाळायला दिलेत.

निरीक्षकांनी बोनेटवरच फाईल उघडली आणि शेरा लिहिला: 'स्थळपाहणी केली. कंपनी जागेवर आढळली. उत्पादन नाही. दुरुस्ती समाधानकारक.' मग जरा घुटमळत म्हणाले, "निकाली काढायला माघारीची सही तेवढी लागेल, आजोबा. माझं मघाशी चुकलं बोलायला."

"आण रे तो कागद," उस्ताद म्हणाले.

शिक्केरावांनी काळ्या बोटांनी खिशातून काढून दिला. उस्तादांनी पेन घेतलं, पण सहीच्या जागी सही केली नाही. वेड्यावाकड्या अक्षरात, बराच वेळ लावून त्यांनी लिहिलं: 'चौथ्या मॉडेलचं काम बाकी आहे. तोवर अर्ज प्रलंबित ठेवावा.'

"चालेल का?" त्यांनी विचारलं.

"प्रलंबित?" निरीक्षक म्हणाले. "आजोबा, प्रलंबितला आमच्याकडे जागाच जागा आहे."

जीप गेली. लोक पांगले. शिक्केरावांनी विचारलं, "बाबा, चौथी कोणती हो?"

उस्ताद पार्किंगमधल्या झाकलेल्या गाडीकडे बघत होते. "क्लच नसलेली," ते म्हणाले. "तुझ्यासाठी." मग म्हणाले, "त्या दिवशी चूक तुझी नव्हती. क्लचची केबल आतून तुटत आली होती. दुसऱ्या दिवशी उघडली तेव्हा कळलं मला."

"बत्तीस वर्षं झाली, बाबा."

"सांगायचं राहून गेलं." त्यांनी पायातली मुलाची चप्पल नीट केली. "चूक झाली म्हणायची लाज मलाही वाटते रे. तू माझाच आहेस."

शिक्केरावांनी तोंडावरून हात फिरवला, तर तोंडही काळं झालं. वर गॅलरीत बायको पदरानं डोळे पुसत होती, आणि या वेळी तिनं कांद्याचं नाव काढलं नाही.

पुढच्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी त्या गाडीवरचं कापड कायमचं निघालं. ओढायला सेक्रेटरी स्वतः आले. आठवडाभर संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर शिक्केराव तिच्याखाली उताणे झोपत होते आणि उस्ताद स्टुलावर बसून नंबर सांगत होते. क्लचची केबल नवी होती, शिक्केरावांनीच बसवलेली. चौथी निघेल तेव्हा निघेल, तोवर हिच्यावर भागवायचं ठरलं होतं. शिक्केराव चाकामागं बसले. शेजारी उस्ताद. गॅलऱ्यांमधून सल्ल्यांचा पाऊस. पहिल्यांदा गाडी उडी मारून बंद पडली. दुसऱ्यांदा उडी न मारता बंद पडली, ही प्रगती आहे असं मास्तर म्हणाले. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, सहाव्यांदा. सातव्यांदा ती फाटकापर्यंत गेली, आचके दिले आणि तिथंच मेली. शिक्केरावांचे खांदे आपोआप वर आले. बत्तीस वर्षं ते त्या ओरडण्याची वाट बघत होते.

"बंद पडली, बाबा," ते हळूच म्हणाले.

"पडू दे," उस्ताद समोर बघत म्हणाले. "मी कुठं चाललोय? कर पुन्हा चालू."

शिक्केरावांनी किल्ली फिरवली.